कानाला दडे, आत किरकिर, आणि भांड्यांचा आवाज सोसत नाही: तपासायचं कोणत्या क्रमाने?

कुकरची शिट्टी झाली की कानात कळ जाते, एरवी कान भरल्यासारखा राहतो आणि रात्री दिवे मालवले की आत रातकिड्यांची किरकिर सुरू होते. यावर लोक थेंब घालतात, वाफ घेतात, बी-कॉम्प्लेक्सच्या पट्ट्या संपवतात. आठ-दहा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दुखणं पुन्हा पुन्हा उलटतं कारण तीन वेगळ्या तक्रारींना एकच आजार समजून एकच उपाय केला जातो. दड्याचं मूळ बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात सापडतं. किरकिरीचं मूळ आतल्या कानात आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मार्गात असतं. आवाज न सोसण्याचं त्याहून वर, मेंदू आवाज किती मोठा हे ठरवतो तिथे. म्हणून आधी दडा, मग ऐकण्याची तपासणी, आणि शेवटी किरकिर व संवेदनशीलता या दोघींचा मिळून विचार, हा क्रम धरा. उलट्या क्रमाने गेलं की पैसे जातात आणि कान तिथेच राहतो.

थांबायचं नाही अशा गोष्टी

एका कानाला अचानक दडा बसला असेल तर पहिल्यांदा ही चाचणी करा. ओठ मिटून खालच्या पट्टीत "म्‌म्‌म्‌" असा सूर धरा. दडा बसलेल्या कानात सूर मोठा वाटला तर मळ, पाणी किंवा हवेचा दाब असं साधं कारण असण्याची शक्यता जास्त. सूर चांगल्या कानाकडे सरकला तर आतल्या कानाची किंवा नसेची ऐकण्याची ताकद अचानक घटलेली असू शकते. मग थेंब घालत बसू नका, त्याच दिवशी ईएनटीकडे (कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे) जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. सूर कुठे गेला ते नीट कळलं नाही तरीही जा. ही चाचणी अंदाज देते, निकाल ऑडिओग्रामच, म्हणजे ऑडिओमेट्रीचा आलेखच देतो.

तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा जास्त घट झाली तर त्याला अचानक आलेला बहिरेपणा धरतात. त्यावर स्टिरॉइड देतात आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत, जितकं लवकर तितकं चांगलं. अडचण अशी की या आजारात बऱ्याच जणांना "ऐकू येत नाही" असं वाटतच नाही, फक्त "दडा बसलाय" असं वाटतं. मळ असेल म्हणून दहा दिवस थेंब घातले की उपचाराची चांगली वेळ निघून जाते. कानाच्या बाबतीत एवढी महागात पडणारी दिरंगाई दुसरी नाही.

कानातला आवाज नाडीबरोबर ठोके घेत असेल (मनगटावर बोटं ठेवून ताल जुळतो का ते पाहा), तर रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि गरजेप्रमाणे स्कॅन. किरकिर फक्त एकाच कानात असेल आणि त्या बाजूचं ऐकणंही कमी असेल तर नसेवरची गाठ नाही ना हे पाहायला एमआरआय सांगतात. अशी गाठ क्वचितच निघते आणि निघाली तरी बहुधा साधी असते, पण पाहणं चुकवू नये. चेहरा वाकडा होणं, डोक्याला मार लागल्यानंतर कानातून रक्त किंवा पाणी येणं, उभंच राहता येऊ नये अशी चक्कर, यासाठी थेट इस्पितळ. आवाजाने जगणं नकोसं झालंय असे विचार येत असतील तर तीही तातडीचीच तक्रार समजा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

दडा कशाचा आहे

सर्वांत आधी मळ. कान मळ आपोआप बाहेर सरकवत असतो, बड्स तो परत आत ठासतात. पडद्याला टेकलेला मळ दडाही देतो आणि किरकिरही. कानातून कधी पू आलेला नसेल आणि पडद्याला भोक नसेल तर ऑलिव्ह तेल किंवा सोडियम बायकार्बोनेटचे तयार थेंब चालतात. बाटली पाच मिनिटं मुठीत धरून अंगाइतकी कोमट करा, कुशीवर झोपून २-३ थेंब घाला आणि ५ ते १० मिनिटं तसेच पडून राहा. दिवसातून दोनदा, ३ ते ५ दिवस. पहिल्या दोन दिवसांत मळ फुगून दडा वाढतो, ते अपेक्षित आहे. तेवढ्यात घाबरून हेअरपिन शोधू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडने मळ सुटतो, पण ते आत फसफसतं आणि ज्याला आवाज सोसत नाही त्याला ती फसफस फार मोठी लागते. स्टेशनबाहेर सळई घेऊन बसणारे कानसाफवाले आणि लसूण घालून कडकडीत केलेलं तेल हे दोन्ही वर्ज्य. पहिल्याने पडदा फाटू शकतो, दुसऱ्याने कानाची त्वचा भाजते.

डॉक्टर मळ काढणार असतील तर खुर्चीत बसण्याआधीच सांगा, "आवाज सोसत नाही, हुकने निघेल का? नाहीतर सक्शन थांबत थांबत करा." सक्शनची नळी कानाच्या आत आवाज करते आणि तो चांगलाच मोठा असतो. पाण्याने धुणार असतील तर पाणी ३७ अंशांच्या आसपास हवं. गार किंवा गरम पाण्याने तिथल्या तिथे गरगरतं.

दुसरा संशय बुरशीचा, आणि तो पावसाळ्यात पहिल्या क्रमांकावर न्यावा. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईत टॉवेलसुद्धा धड वाळत नाही, मग कानाची नळी काय वाळणार. दुखण्यापेक्षा खाज जास्त, सोबत दडा, आणि दुर्बिणीतून काळे ठिपके किंवा ओल्या कागदासारखा पांढरा लगदा दिसतो. यावर अँटिबायोटिकचे थेंब घालत राहिलं तर बुरशी आणखी माजते. आधी डॉक्टरांकडून कान साफ, मग क्लोट्रिमाझोलसारखे थेंब, साधारण दोन आठवडे. खाज चौथ्या-पाचव्या दिवशी थांबते, माणूस थेंब बंद करतो आणि गोपाळकाल्यापर्यंत बुरशी पुन्हा हजर. अंघोळीच्या वेळी व्हॅसलिन चोपडलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवा आणि इअरफोनच्या रबरी टोप्या रोज पुसून कोरड्या करा.

कान साफ आहे, खाज नाही, तरी दडा आहे. आता नाकामागून मधल्या कानाकडे जाणारी युस्टेशियन नळी पाहायची. गिळताना आणि जांभई देताना ती क्षणभर उघडते आणि दाब सारखा करते. सर्दी, धुळीची ॲलर्जी किंवा सायनसमुळे तिची आतली त्वचा सुजली की ती उघडत नाही. खंडाळ्याच्या घाटात किंवा घोडबंदर रोडच्या चाळीस मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये बसलेला दडा दोन घोटांनी सुटत नसेल तर खूण पटली. नाक चिमटीत धरून पाण्याचा एक घोट गिळा, ही सर्वांत सौम्य युक्ती. नाक दाबून फुगा फुगवल्यासारखं फुंकायचं असेल तर हलकेच, एक-दोनदा. जोर लावला तर आतल्या कानाच्या पडद्यांना इजा होऊ शकते, आणि नाकात पिकलेला शेंबूड असताना तर मुळीच नको. दिवसभर "अजून दडा आहे का" म्हणून फुंकून पाहण्याची सवय लागते. ती सोडल्याशिवाय दडा सुटत नाही.

नाक धुण्यासाठी २५० मिली उकळून कोमट केलेलं पाणी आणि त्यात साधारण सव्वादोन ग्रॅम मीठ, म्हणजे छोटा चमचा अर्ध्याला थोडा कमी भरून. चिमूटभर खायचा सोडा घातला तर चुरचुर कमी होते. नळाचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही, त्यातला अमिबा क्वचित पण जीवघेणा ठरतो. ॲलर्जी असेल तर डॉक्टर स्टिरॉइडचा स्प्रे देतात. तो उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे नळी आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळते. मधल्या पडद्यावर मारला की नाकातून रक्त येतं आणि लोक स्प्रेलाच दोष देतात. जोरात ओढू नका, औषध घशात उतरतं. गुण यायला आठवडे लागतात आणि तो ॲलर्जीवर येतो. ॲलर्जीच नसेल तर दड्यासाठी या स्प्रेचा फारसा उपयोग नाही. चोंदलेलं नाक दोन मिनिटांत मोकळं करणारे थेंब मात्र पाच दिवसांच्या वर नकोत, मग नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं.

याच्या अगदी उलट प्रकारही असतो, नळी उघडीच राहण्याचा. स्वतःचा श्वास आणि स्वतःचा आवाज कानात घुमतो, आडवं झालं की थांबतो. भराभर वजन उतरलेल्यांत हे दिसतं. यांना नाक सुकवणाऱ्या गोळ्यांनी त्रास वाढतो, म्हणून डॉक्टरांना "झोपल्यावर जातं" हे आवर्जून सांगा. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पडद्यामागे पाणी साठून महिना-दीड महिना हटत नसेल तर नाकामागची जागा दुर्बिणीने बघून घ्यावी, तिथली गाठ नळी दाबत नाही ना याची खात्री करायला.

राहिला जबडा, ज्याच्याकडे फार उशिरा लक्ष जातं. दात घट्ट आवळा, मग जबडा पुढे काढा, मग मान दोन्हीकडे वळवा. यातल्या कशानेही किरकिरीचा सूर बदलला तर जबड्याच्या किंवा मानेच्या स्नायूंचा त्यात हात आहे. तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी घालून पाहा. जात नसतील आणि सुपारी-गुटख्याची सवय असेल तर कारण वेगळंच असू शकतं: सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा आखडते, टाळूचे स्नायू आखडतात, आणि युस्टेशियन नळी उघडण्याचं काम त्याच स्नायूंचं असतं. तो आजार कर्करोगाकडे जाऊ शकतो, तेव्हा आधी तोंड दाखवा, कान नंतर. नुसते दात आवळण्याची सवय असेल तर दिवसभर "ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ वरच्या टाळूला" हे लक्षात ठेवा, गालाला दिवसातून दोनदा १०-१५ मिनिटं गरम शेक द्या आणि चिक्की-च्युइंगम थोडे दिवस बंद ठेवा. रात्री दात खात असाल तर दंतवैद्याकडून नाइट गार्ड करून घ्या.

हे सगळं ठीक निघालं तरी दडा येतो-जातो, सोबत खालच्या पट्टीचा घुऽऽ आवाज आणि वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंतची गरगर असेल, तर मेनिएर हा आतल्या कानाचा आजार आहे का ते तपासतात. त्यात मीठ कमी करायला सांगतात. दिवसाला २ ग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, वडापावची सुकी चटणी सगळं मोजायचं. उजेड, वास आणि आवाज तिन्ही सोसत नसतील तर मायग्रेनचा विचार व्हावा. तिथे कानाचे थेंब कुचकामी.

तपासणीत काय मागायचं

नुसती "कान बघून" केलेली तपासणी पुरत नाही. प्युअर टोन ऑडिओमेट्री २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत आणि टिम्पॅनोमेट्री (पडद्यामागचा दाब पाहणारी तपासणी), या दोन हव्यातच. टिम्पॅनोग्रामवर "ए" म्हणजे दाब ठीक, "सी" म्हणजे आत दाब कमी, "बी" म्हणजे रेघ सपाट. सपाट रेघ पडद्यामागच्या पाण्याने येते, तशी मळाने किंवा भोकानेही येते, म्हणून आधी कान साफ असावा. याच यंत्रावर स्टेपीडियल रिफ्लेक्सची चाचणी (मोठ्या आवाजाला कानातला स्नायू आकसतो का ते पाहणारी) होते आणि तिचे सूर मोठे असतात. आवाज न सोसणाऱ्याने ती आधी टाळायला सांगावी, निदानासाठी अगदी गरज असेल तरच. एमआरआयचं यंत्र शंभर डेसिबलच्याही वर जातं, तेव्हा फोमचे प्लग आणि वरून हेडफोन असं दुहेरी संरक्षण मागून घ्या. नको म्हणण्यापेक्षा हे बरं.

ऑडिओग्राम ४००० किंवा ६००० हर्ट्झपाशी खड्ड्यासारखा उतरून पुन्हा वर येत असेल तर आवाजाने झालेली इजा बहुतेक पक्की. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या किंवा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात काम असेल तर रिपोर्टची प्रत स्वतःकडे ठेवा. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कायद्यात सूचित आजार, म्हणजे सरकारला कळवावा लागणारा आजार, म्हणून नोंदलेला आहे. चालू औषधांची यादीही दाखवा: ॲस्पिरिनचा मोठा डोस, क्विनीन, अमिकासिन-जेंटामायसिनची इंजेक्शनं, सिस्प्लॅटिन यांनी कान वाजू शकतात. स्वतःहून मात्र काही बंद करू नका, टीबीचं किंवा कॅन्सरचं औषध तर नाहीच.

किरकिर पुन्हा पुन्हा का उठते

आतल्या कानाकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू तो भरून काढण्यासाठी आपली पट्टी वाढवतो. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवतो आणि खरखरही वाढते, तसंच. हीच वाढलेली पट्टी बाहेरचे आवाजही मोठे करून दाखवते. म्हणून किरकिर आणि कुकरची कळ या दोन्ही बऱ्याचदा जोडीने येतात.

आता यात शांतता घाला. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी नीट ऐकू येणाऱ्या ८० माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तर त्यातल्या ९४ टक्के लोकांना कानात काही ना काही आवाज ऐकू आले. बाहेरून काही येत नसलं की मेंदू आतलं ऐकतो. पुढे २००३ साली फॉर्मबी आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना दोन आठवडे इअरप्लग घालायला लावले तेव्हा त्यांना आवाज पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागले, आणि सतत मंद आवाज ऐकवलेल्यांची सहनशक्ती वाढली. कान जपायला म्हणून दिवसभर कापूस आणि प्लग घालून, खिडक्या लावून घरात बसणारा माणूस आपला त्रास स्वतःच वाढवत असतो तो असा. तपासण्या नीट झालेल्या असूनही दुखणं उलटत असेल तर पहिला संशय यावर घ्यावा.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. किरकिर बंद करणारी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेली एकही गोळी नाही. तिथल्या ईएनटी संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना जिंको, मेलाटोनिन, झिंक यांच्या विरोधात आहेत, आणि ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेने २०२० साली नुसत्या टिनिटससाठी (म्हणजे कानातल्या या किरकिरीसाठी) बीटाहिस्टिन देऊ नये म्हटलं. बी-१२ रक्तात कमी असेल तर जरूर घ्या, पण बी-१२ साठी घ्या. चहा सोडूनही आवाज जात नाही, एकदम सोडला तर डोकं मात्र दुखतं. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र हा किरकिरीवरचाही चांगला उपाय आहे, कारण बाहेरचे बारीक आवाज परत आत येऊ लागतात. कानाचं भोक मोकळं ठेवणारा ओपन-फिट प्रकार मागा, बंद साच्याने दडा वाढतो. आणि सगळ्यांत भक्कम पुरावा कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा आहे. तिने आवाज कमी होत नाही, त्याचा जाच कमी होतो. "म्हणजे मनाचे खेळ" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे दुर्लक्ष करा.

मंद आवाजाची सोबत

घरात जिथे जिथे शांत बसणं होतं तिथे एक मंद, सलग आवाज चालू ठेवा: पंखा, टेबलफॅन, पावसाचं रेकॉर्डिंग, माशांच्या टाकीचा पंप. पातळी अशी की त्याखालून किरकिर अजून ऐकू येते आणि समोरच्याशी आवाज न चढवता बोलता येतं. किरकिर पूर्ण झाकली जाईल इतका मोठा लावला तर मेंदूला तिची सवय होण्याची संधीच मिळत नाही आणि बंद केल्याक्षणी ती अंगावर येते. साधा स्पीकर घ्या, खोलीच्या कोपऱ्यात, डोक्यापासून लांब. इअरफोन घालून रात्र काढू नका. ऐरोली-महापेच्या ऑफिसांत नॉइज कॅन्सलिंग हेडफोन दिवसभर नुसतेच चढवून बसणारे बरेच दिसतात. ती शांतताच झाली, त्यात मंद पाऊस तरी लावा.

आवाज सोसत नसेल तर सुरुवात जेमतेम ऐकू येईल इतक्यापासून करा आणि दर आठवड्याला किंचित वाढवा. याला दिवस लागत नाहीत, महिने लागतात. वर्ष-दीड वर्ष धरूनच चला.

मग ठरावीक आवाज हाताळायचे. आपल्याच घरच्या कुकरच्या शिट्टीचं फोनवर रेकॉर्डिंग करा आणि बटण आपल्या हातात ठेवून सर्वांत कमी आवाजावर पाच मिनिटं ऐका, दिवसातून दोनदा. कंटाळा आला की एक पायरी वर. दचकायला झालं तर एक पायरी खाली, पण बंद नाही. आवाज कधी येणार हे आपल्याला ठाऊक असणं आणि तो थांबवता येणं, यानेच भीती सुटते. अपवाद एक: आवाजानंतर कानात कित्येक तास किंवा दिवसभर आग किंवा ठणका राहत असेल तर हे स्वतःच्या मनाने करू नका, ऑडिऑलॉजिस्टच्या (ऐकण्याच्या तक्रारींच्या तज्ज्ञाच्या) देखरेखीखालीच करा. दुसऱ्याच्या चघळण्याचा किंवा भुरके मारण्याचाच संताप येत असेल आणि मिक्सरचा आवाज मात्र सोसत असेल, तर ती मिसोफोनिया म्हणून वेगळी तक्रार आहे. तिथे आवाजाच्या पायऱ्या चढून फायदा होत नाही.

स्वयंपाकघर, स्टेशन, मिरवणूक

कुकरला पूर्ण वाफ धरली की पहिली शिट्टी व्हायच्या बेतात गॅस अगदी मंद करा आणि शिट्ट्यांऐवजी मिनिटं मोजा. भिजवलेल्या तूरडाळीला आठ-दहा मिनिटं पुरतात. भांड्यांचा खणखणाट थोडाच वेळ टिकतो, पण उंच सुराचा असतो आणि नेमका तोच टोचतो. म्हणून मांडणीत आणि सिंकमध्ये रबरी जाळी टाका. मिक्सरखाली पातळ रबर चालेल, घडी केलेला टॉवेल नको, कारण मोटारीला हवा घ्यायच्या खाचा बहुधा तळाशी असतात आणि मोटार तापते.

लोकलचा भोंगा पुढच्या डब्यावर असतो. फलाटाच्या ज्या टोकाकडून गाडी शिरते तिथे उभं राहिलं तर तो कानाशीच वाजतो, मधल्या डब्यांपाशी त्रास कमी. घोषणांच्या कर्ण्याखाली थांबू नका. ठाणे स्टेशनवर चार पावलं सरकल्यानेही फरक पडतो, कारण मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. नौपाड्यातल्या अरुंद गल्लीत तितका उतरत नाही, भिंती तो परत पाठवतात.

प्लग नक्की घालायचे ते इथे: दहीहंडीचा डीजे, विसर्जनाची ढोल-ताशा मिरवणूक, फटाके, ड्रिल. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. फोमचा प्लग बारीक वळा, विरुद्ध हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. अर्धा बाहेर राहिलेला प्लग आणि कापसाचा बोळा यांनी नुसतं समाधान मिळतं. गप्पाही मारायच्या असतील तर वादक वापरतात तसे फिल्टरचे प्लग घ्या, ते आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखाच कमी करतात. मिरवणूक पुढे गेली की प्लग काढा, लगेच. रिक्षा, मॉल, जेवणाचं टेबल, घरातला टीव्ही यांना प्लग नकोत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, सणांच्या ठरावीक दिवसांची सवलत सोडून, आणि तक्रार ११२ वर करता येते.

रात्र आणि उसळी

रात्री सलग आवाज सकाळपर्यंत चालू ठेवा. टायमर लावला की तो बंद होतो आणि नेमकी तीन वाजता जाग येऊन किरकिर एकटी सापडते. वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी रटाळ वाचा, झोप आली की परत या. उठायची वेळ रोज एकच.

अधूनमधून आवाज दुपटीने उसळतो: सर्दी, जागरण, ताण, मिरवणूक. उसळी बहुधा काही दिवसांत उतरते. त्या दिवसांत नवे थेंब, नवी गोळी, नवा डॉक्टर काहीच सुरू करू नका, नाहीतर आपोआप उतरलेल्या उसळीचं श्रेय त्या बाटलीला जातं आणि पुढच्या वेळी तीच शोधत फिरावं लागतं. मंद आवाज नेहमीइतकाच ठेवा, नेहमीची कामं करा. दर तासाला किरकिर मोजू नका. नोंद ठेवायचीच तर आठवड्यातून एकदा, शून्य ते दहा, आणि मोजायचं ते "किती त्रास झाला", "किती मोठा होता" हे नव्हे. उसळीबरोबर एका कानाचं ऐकणं घटलं किंवा नव्याने गरगर आली तर ती उसळी समजायची नाही, सूर धरण्याची चाचणी करून त्याच दिवशी निघायचं.

कुठे जायचं, तर साध्या तपासण्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांच्या ईएनटी विभागांत होतात. श्रवणयंत्र आणि टिनिटसचं समुपदेशन यासाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ती खास वाचा-श्रवणाची केंद्र सरकारची संस्था, दरही आवाक्यातले. जाताना जुना ऑडिओग्राम असेल तर तो जरूर न्या, चालू औषधांच्या पट्ट्या न्या, आणि कागदावर तीन ओळी लिहून न्या: कोणता कान, कधीपासून, झोपल्यावर किंवा जबडा हलवल्यावर काय बदलतं. ऑडिऑलॉजिस्टला "आवाज सोसत नाही" हे हेडफोन चढवण्याआधी सांगायचं.